पुलाचं लोखंड घासण्याचेही पैसे धरा : सार्वजनिक बांधकाम मंत्र्यांना खुले पत्र

मा. शिवेंद्रसिंहराजे भोसले,
सार्वजनिक बांधकाम मंत्री, महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत माझं आयुष्य गर्डर (पुलाच्या लोखंडी तुळया), ट्रस (त्रिकोणी सांगाडे) आणि टाक्या बनवण्यात गेलं. सातारा-सांगली भागातल्या लोखंडी साकवांची आणि पुलांची दुरुस्ती बहुतेकदा एकाच पद्धतीने होते: गंजलेल्या जागी नवी प्लेट वेल्ड करायची आणि वर रंग मारायचा. या कामात वेल्डिंगऐवजी कार्बन फायबरची पट्टी चिकटवून पाहावी, म्हणून हे पत्र.

वेल्डिंग वाईट नाही, माझं घर त्यावरच चाललं. पण रिव्हेटच्या (लोखंडी खिळे ठोकून जोड देण्याच्या) जमान्यातलं जुनं लोखंड वेल्ड नीट घेत नाही. उष्णतेने त्यात ताण अडकून राहतो आणि वाहनांच्या धक्क्यांनी पुढचा तडा नेमका वेल्डच्या कडेला फुटतो. शिवाय प्लेटचं वजन त्या थकलेल्या गर्डरवरच पडतं.

दुसरा मार्ग कार्बन फायबरचा, म्हणजे कार्बनच्या बारीक धाग्यांपासून बनवलेल्या पट्टीचा. दीड मिलिमीटरहूनही पातळ पट्टी इपॉक्सीने (दोन भाग मिसळल्यावर घट्ट होणाऱ्या चिकट द्रवाने) गर्डरला चिकटवतात. वजन स्टीलच्या साधारण पाचव्या हिश्शाइतकं, ताणाची ताकद मात्र साध्या स्टीलच्या कितीतरी पट. इंग्लंडमधला टिकफर्ड पूल १८१० सालचा, बिडाचा. १९९९ मध्ये तो असाच बळकट केला. ऑस्ट्रेलियाच्या नौदलाने फ्रिगेट या युद्धनौकेच्या अ‍ॅल्युमिनियमच्या डेकवरचे तडे अशाच पट्ट्यांनी सांधले. समुद्रात उभ्या तेलजहाजांवर ठिणगी पडू देणं परवडत नाही, म्हणून तिथे गंजलेल्या स्टीलच्या पत्र्यालाही हा उपाय करतात. जहाज गोदीत न्यावं लागत नाही.

खरी मेहनत चिकटवण्याआधीची आहे. ब्लास्टिंग करून, म्हणजे खरखरीत कणांचा जोराने मारा करून लोखंड पांढरट, खरखरीत होईपर्यंत साफ करावं लागतं आणि पुन्हा गंज धरायच्या आत, काही तासांतच पट्टी बसवावी लागते. कार्बन वीजवाहक असल्यामुळे ओलाव्यात लोखंडाला थेट टेकला तर लोखंडच झपाट्याने गंजतं. म्हणून मध्ये ग्लास फायबरचा थर हवाच. पट्टीची टोकं निमुळती करावी लागतात, कारण ती सुटायला तिथूनच सुरुवात होते. साधं इपॉक्सी ५०-६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं, आणि मे महिन्यात आपल्याकडचं उन्हात तापलेलं लोखंड तिथवर सहज जातं. तेव्हा इपॉक्सी इथल्या उन्हाळ्याला पुरेल असंच निवडावं. पावसाळ्यात तर हे काम काढूच नये. दिवाळीनंतरचे कोरडे महिने यासाठी उत्तम.

आपल्या निविदेत लोखंडाचं काम किलोवर मोजलं जातं. जितकं जास्त लोखंड, तितकं जास्त बिल. मग घासण्यात दोन दिवस घालवायला ठेकेदार कशाला तयार होईल? साफसफाई, दवबिंदूची नोंद (लोखंडावर हवेतला ओलावा धरत नाही ना, हे पाहायला), नमुना पट्ट्या ओढून केलेली चाचणी, या सगळ्याला स्वतंत्र बाब आणि स्वतंत्र दर द्या. तसं झालं नाही तर ही पट्टी दोन पावसाळ्यांत सोलून निघेल आणि पद्धतच बदनाम होईल.

१५ जून २०२५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या कुंडमळ्याचा लोखंडी पूल इंद्रायणीत कोसळला आणि ४ जण गेले. असा निकामी झालेला, गर्दीने ओथंबलेला पूल कुठलीही पट्टी वाचवू शकत नाही. तो बंदच करायला हवा. ही दुरुस्ती ज्याचा गाभा अजून शाबूत आहे, अशाच लोखंडासाठी आहे. म्हणून आधी प्रत्येक गर्डरची उरलेली जाडी अल्ट्रासॉनिक यंत्राने मोजून घ्यावी.

माझी मागणी एवढीच: दोन्ही जिल्ह्यांतला एकेक छोटा लोखंडी साकव निवडा. मोजमाप आणि चाचणीचं काम सांगलीच्या वालचंद महाविद्यालयाकडे आणि कऱ्हाडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाकडे सोपवा. पुढची तीन वर्षं पावसाळ्याआधी आणि नंतर पट्टीवर हलकेच ठोकून, आवाजावरून ती सुटली का ते तपासा आणि त्या नोंदी जशाच्या तशा लोकांसमोर ठेवा, पट्टी सुटली तरीही. ब्लास्टिंगचं काम शिकवायला मी स्वतः येईन, मानधन नको.

आपला विश्वासू,
एक निवृत्त फॅब्रिकेटर, मिरज