सील मीच फोडलं होतं

चि. शलाका हिस,
अनेक आशीर्वाद.

गांधीनगरच्या न्यायवैद्यक विद्यापीठात, डिजिटल फॉरेन्सिकला तुझा प्रवेश पक्का झाला तेव्हा आईने देवापुढे साखर ठेवली. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. तुला कधीच न सांगितलेली एक गोष्ट मनात वर आली होती.

मी बारा वर्षं मुद्देमाल कारकून होतो. कोयते, दारूचे कॅन, चोरीची मंगळसूत्रं, सगळं सुतळीने बांधायचं, लाखेचं सील मारायचं, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी लावायची. २००६ साली एका दुकानातला कॉम्प्युटर जप्त होऊन आला. त्यावर बनावट सातबारे तयार केल्याची केस होती. रात्री साहेब म्हणाले, "जरा चालू करून बघू, आत काय आहे." सील मी फोडलं. सकाळी नवं लावलं. रजिस्टरला नोंद केली नाही.

कोर्टात बचावाच्या वकिलांनी एवढंच विचारलं, "जप्ती चार तारखेची, मग या फायली सहा तारखेच्या रात्री कोणी उघडल्या?" आरोपी सुटला. ज्याला त्या सातबाऱ्यावर जमीन विकली होती तो शेतकरी व्हरांड्यातल्या बाकावर, खरेदीखताची पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. "हवालदार, आता कुणाकडं जाऊ?" मला उत्तर देता आलं नाही.

कॉम्प्युटर नुसता सुरू केला तरी आतल्या कितीतरी फायलींच्या वेळा बदलतात, हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं. तू राइट ब्लॉकर, म्हणजे डिस्कवर काहीही लिहिलं जाऊ न देणारं उपकरण, लावून आधी डिस्कची हुबेहूब प्रत काढशील आणि तपासणी त्या प्रतीवर करशील. तू फोनवर सांगितलेलं हॅशचं, म्हणजे फायलीतल्या मजकुरावरून गणिताने काढलेल्या ठशाचं, मी वहीत उतरवून घेतलंय: एसएचए-२५६ या पद्धतीने ६४ अक्षरं, आणि फायलीतला एक स्वल्पविराम हलला तरी हॅश पार वेगळा. ही तुमची लाख. पण जप्तीच्या वेळीच पंचनाम्यात ती उतरवली तरच तिला अर्थ. चार दिवसांनी काढलेला हॅश त्या चार दिवसांबद्दल काहीच सांगत नाही.

१ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यायचं, त्यात हॅश लिहावा लागतो आणि भाग ब तज्ज्ञाने भरायचा असतो. म्हणजे पुढे तूच. जुन्या पुरावा कायद्यात याच प्रमाणपत्राचं कलम ६५ ब होतं, त्यावरचा २०२० चा खोतकर-गोरंट्याल निकाल मुळातून वाच. आपल्या जालन्याच्या निवडणुकीचाच आहे. उमेदवारी अर्ज वेळेत आले का, हे व्हिडिओवरून ठरायचं होतं, आणि वारंवार मागूनही प्रमाणपत्र मिळेना. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, मूळ यंत्र हजर नसेल तर प्रमाणपत्र हवंच. पण ज्याने सगळे प्रयत्न करूनही ते हाती आलं नाही, त्याची वाट अडवली नाही. त्या बाकावरच्या माणसाचा विचार करणारा निकाल वाटतो मला तो.

उद्या कुणी तपासी अंमलदार म्हणेल, "मॅडम, हे आरोपीच्या फायद्याचं आहे, एवढं नाही लिहिलं तर?" लिहायचंच. आणि तोंडी हुकूम आला की लेखी मागायचा. मी मागितला नाही.

पार्सलमध्ये चिवड्याच्या डब्याखाली एक जाड बांधणीचं रजिस्टर आहे. कोणती वस्तू कुणाकडून आली, किती वाजता, कुणाकडे गेली, यासाठी. पानांवर आकडे मी माझ्या हाताने टाकलेत, १ ते २००. दोनदा तपासले, एकही पान सुटलेलं नाही.

तुझे,
बाबा