शनिवारच्या लाइव्ह सेटबद्दल, सगळ्यांनी वाचा

मंडळी, येत्या शनिवारी रात्री आपण क्लबमध्ये लाइव्ह सेट ऐकायला जातोय. गेट ९ ला उघडतं, मेन सेट ११ नंतरच, पण तिकिटं एकत्र काढलीयत म्हणून साडेनऊला सगळ्यांनी गेटबाहेर जमायचंय.

यावेळी नुसता डीजे सेट नाहीये, प्रोड्यूसर स्वतःचे ट्रॅक तिथेच मशीनवर उभे करणार. ड्रम मशीन, सिंथ (इलेक्ट्रॉनिक आवाज तयार करणारं वाद्य), सिक्वेन्सर (सूर-ठेके ठरल्या क्रमाने वाजवणारं मशीन) सगळं मिडीने, म्हणजे मशीन्स एकमेकांशी जोडायच्या पद्धतीने, एका टेम्पोवर बांधलेलं असतं, १९८३ पासूनचं स्टँडर्ड आहे आणि अजूनही तेच चालतंय, आणि फिल्टरचा नॉब हळूहळू फिरवला की दबलेला आवाज कसा उघडत जातो ते हात बघत बघत ऐकण्यात खरी मजा आहे, म्हणून शक्यतो टेबलाच्या बाजूला जागा धरा.

- इअरप्लग आणाच. १०० डेसिबलला उघड्या कानांनी साधारण १५ मिनिटंच सेफ धरतात, आणि स्पीकरसमोर आवाज सहज तेवढा जातो. कान परत मिळत नाहीत हो.
- ओरिजिनल ओळखपत्र.
- फ्लॅश बंद. सेट चालू असताना टेबलाशी जाऊन फर्माईश करू नका, प्लीज.
- जमणार नसेल तर गुरुवारपर्यंत अ‍ॅडमिनला कळवा, तिकीट दुसऱ्या कुणाला तरी देता येईल.