नातीचं चित्र बंद करू नकोस

शहापूर, बेळगाव
शुक्रवार, रात्री

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि त्यात घडी घालून ठेवलेलं नातीचं चित्र मिळालं. खाली लिहिलंयस, ‘नात दोन वर्षांची, चेहरा साठीचा. आता हा नाद बंद.’ बंद करू नकोस रे. पुण्यात कुणी समोर बसून सांगणारं नाही म्हणतोस, म्हणून पत्रातच सगळं लिहितो.

चूक कुठे आहे ते आधी बघ. टाळूपासून हनुवटीपर्यंत पट्टी धरली, तर मोठ्या माणसाचे डोळे साधारण मध्यावर येतात. आरशासमोर उभा राहून मोजून बघ, तरच पटेल. बोलताना आपण माणसाचे डोळे, नाक, तोंड एवढंच बघतो, कपाळ आणि टाळू कोण बघतं? मग कागदावर नाकडोळे मोठे होतात आणि वरचं डोकं छाटलं जातं. लहान मुलांचे डोळे तर मध्याच्याही खाली असतात. वर सगळं कपाळच, आणि नाकडोळे खालच्या भागात दाटीनं बसलेले. तू डोळे वर घेतलेस, त्यामुळे नाक लांबलं आणि हनुवटी उतरली. त्यात नाकापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत ठळक रेघ ओढलीस. तिथे फक्त हलकी सावली हवी, रेघ आली की वय वाढतं.

दुसरं म्हणजे तो फोटो. सूनबाईंनी मोबाईल अगदी तोंडाजवळ धरून काढलेला दिसतो. जवळून काढलेल्या फोटोत नाक फुगतं आणि कान मागे पडतात. तू फोटो इमानानं उतरवलास, पण फोटोतलं तोंडच मुळात तिचं नव्हतं. फोटो ठेवून दे. ती दुपारी झोपते ना? तेव्हा जवळ बस. झोपलेलं मूल बराच वेळ हलत नाही, याच्यापेक्षा चांगली बैठक कुठे मिळणार?

मापं अजून थोडी सांगतो. दोन डोळ्यांच्या मध्ये एक डोळा मावेल एवढी जागा. कान भुवईच्या रेषेपासून नाकाच्या बुडापर्यंत. उभा माणूस साधारण साडेसात डोकी उंच, आणि त्याचा मध्य कमरेला नाही, खाली जांघेपाशी येतो. पोरांचं माप वेगळं, वर्षभराचं बाळ जेमतेम चार डोकी भरतं. हे पाठ कर, पण समोरच्यानं मान खाली घातली की सगळं सरकतं, हेही लक्षात ठेव. खरी गंमत तिथेच आहे.

दर शनिवारी बाजाराला मी वही घेऊन गणपत गल्लीत जातो. एक भाजीवाली मावशी बसते, तिला विचारलं, चित्र काढू का? म्हणाली, “काढ की. मी बसतो अशीच.” आणि पदर सारखा करून फोटोला बसल्यासारखी ताठ झाली! तसं चित्र निर्जीव येतं. मी थांबलो. गिऱ्हाईक आलं, ती वाकून तागडी बघायला लागली, तेव्हा पेन्सिल टेकवली. वाकलेल्या डोक्यात काय होतं सांगू? टाळू मोठी दिसते, कान डोळ्यांच्या वर चढतात, नाकाचं टोक ओठांवर येतं, हनुवटी जवळजवळ नाहीशी होते. भुवयांची, डोळ्यांची, ओठांची प्रत्येक रेषा मध्ये खाली झुकलेली कमान बनते. ही कमान आधी हलक्या हातानं टाकली की नाकडोळे आपापल्या जागी येतात. आधी डोळा नीट कोरायचा आणि मग त्याच्याभोवती चेहरा शोधायचा, असं नवशिके करतात आणि तिथेच अडकतात.

मावशीला वही दाखवली. नाक तिनं पाहिलंही नाही. म्हणाली, “हात माझाच हाय बघ.”

माझं म्हणणं एवढंच आहे. माणसासारखा माणूस दिसतो तो नाकडोळ्यांमुळे नंतर, आधी मानेवर डोकं कसं ठेवलंय त्यामुळे. स्टेशनवर तू गाडीतून उतरलास की तोंड दिसायच्या आधी मी तुला खांद्यावरून ओळखतो. म्हणून पहिली रेघ मानेची, दुसरी खांद्यांच्या उताराची. रविवार पेठेत पाठीवर पोतं घेतलेला हमाल बघ, डोकं पावलांच्या कितीतरी पुढे असतं. डोक्यावर पाटी घेतलेल्या बाईची मान मात्र ओळंब्यात सरळ, हलते ती कंबर. अशी चित्रं मिनिटभरात संपवायची, खोडरबर घरी ठेवायचा.

सावलीकडे घाईनं जाऊ नकोस, पण म्हैसूरला गेलास तर जगनमोहन राजवाड्यात सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांचं दिवा धरलेल्या बाईचं जलरंगातलं चित्र जरूर बघ. त्यांची मुलगीच त्यासाठी उभी राहिली होती. एरवी उजेड वरून येतो, हनुवटीखाली अंधार असतो. इथे दिवा खाली, म्हणून हनुवटीचा आणि नाकाचा खालचा भाग उजळलाय. चेहऱ्याला पृष्ठभाग किती आहेत ते त्या एका चित्रात समजतं.

आणि आपल्या गावाचा हक्कही विसरू नकोस. के. बी. कुलकर्णी मास्तरांनी इथेच बेळगावात मुलांच्या हातात पेन्सिल दिली. १९३५ साली इथे जन्मलेले चित्रकार रवी परांजपे त्यांचेच शिष्य. माणसाचं चित्र काढायला शिकणं ही आपल्याकडची जुनी, मानाची गोष्ट आहे, म्हणून तू सोडतोस म्हटलं की जिवाला लागतं.

साहित्य फार नको. मऊ शिशाची टू-बी आणि त्याहून मऊ, गडद सिक्स-बी पेन्सिल, स्वस्त कागदाची जाड वही. महागड्या कागदावर हात आखडतो.

पुढच्या महिन्यात येतोयस ना? शुक्रवारी रात्रीच पोच, म्हणजे शनिवारचा बाजार चुकणार नाही. येताना झोपलेल्या नातीची चित्रं आण, बिघडलेलीसुद्धा. वहिनींना नमस्कार, पोरीला गोड पापा.

तुझाच,
वि.