कोरियांचे स्मारक: रविवारी सह्यांसाठी जमायचे आहे

सर्व सभासदांना नमस्कार.

वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांचे पणजीत छोटेसे सार्वजनिक स्मारक व्हावे, या आपल्या निवेदनावर सह्या करायला रविवारी सकाळी १० वाजता कांपालला कला अकादमीसमोर जमू या. त्यांचा जन्म १ सप्टेंबर १९३० चा, सिकंदराबादचा. पण घराणे मूळ गोव्याचे, म्हणून ते आपलेच.

पुतळा नको, असे माझे स्पष्ट मत आहे. मांडवीकडे तोंड केलेला जांभ्या दगडाचा एक बाक पुरे. रस्त्यावरच्या माणसाने तिकिटाशिवाय आत यावे आणि सावलीतून थेट नदीकाठी पोचावे, अशी मोकळी रचना त्यांनी अकादमीला दिली. आत दीनानाथ मंगेशकर कलामंदिराच्या भिंतींवर मारियो मिरांडांनी चितारलेले प्रेक्षक सज्जात बसलेले आहेत. तालमीला समोर खुर्च्या रिकाम्या असत, तेव्हा मला त्या रंगवलेल्या माणसांचा केवढा आधार वाटायचा!

बाकावरचा मजकूर मराठी आणि कोंकणी दोन्हींत हवा. सुचेल ते दोन ओळींत लिहून आणा. येणे जमणार नसेल तर शनिवारपर्यंत चिटणिसांकडे सही पोचती करा. छत्री विसरू नका.