तक्रार : १९५७च्या मॉरिस मायनरमध्ये चुकीचे तेल, चुकीचे माप आणि चुकीची सर्व्हिस

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग
(एक प्रत तांत्रिक विभागास)

विषय : जुन्या गाड्यांसाठीच्या आपल्या सर्व्हिस पॅकमधील इंजिन ऑईल, गिअर ऑईल व सूचना कार्ड सदोष असल्याबाबत; पैसे परत मिळणे, दुरुस्तीचा खर्च मिळणे व कार्ड मागे घेणे याबाबत.

संदर्भ : बिल, जॉबकार्ड व सूचना कार्ड (प्रती सोबत)

महोदय,

गाडी १९५७ची मॉरिस मायनर १०००, इंजिन ९४८ सीसी, ए-सिरीज. पॅक मागवताना आपल्या फॉर्ममध्ये ही सगळी माहिती भरून दिली होती, म्हणजे कोणत्या गाडीसाठी तेल जाते आहे हे आपल्याला ठाऊक होते. आपले तंत्रज्ञ नागपुरात घरी येऊन इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचे हाऊसिंग (मागच्या चाकांना गती देणाऱ्या गिअरांचे कवच) या तिन्ही ठिकाणचे तेल बदलून गेले. त्यानंतर ४१० किलोमीटरमध्येच तिन्ही तेले काढून टाकावी लागली.

मापापासून सुरुवात करतो, कारण तिथे वादाला जागाच नाही. आपल्या कार्डावर छापले आहे : इंजिन ३.०७ लीटर, गिअरबॉक्स १.०६ लीटर, हाऊसिंग ०.७१ लीटर. गाडीच्या हँडबुकात फिल्टरसह इंजिनला साडेसहा पाइंट, गिअरबॉक्सला सव्वादोन पाइंट आणि हाऊसिंगला दीड पाइंट दिले आहे. हँडबुक इंग्लंडचे आहे आणि तिथला पाइंट ५६८ मिलीलीटरचा. अमेरिकेचा पाइंट ४७३ मिलीलीटरचा. आता साडेसहाला ४७३ने गुणा, सव्वादोनला गुणा, दीडला गुणा. आपल्या कार्डावरचे तिन्ही आकडे जसेच्या तसे येतात. खरी मापे साधारण ३.७, १.३ आणि ०.८५ लीटर अशी आहेत. म्हणजे आपल्या कार्यालयात कोणीतरी पाइंटचे लीटर करताना देशच बदलला आणि ते तसेच छापून गेले. हीच चूक आपल्या यादीतल्या इतर ब्रिटिश गाड्यांच्या कार्डांवरही झाली असण्याची दाट शक्यता आहे. ती आधी तपासा.

काढलेले तेल मापाच्या भांड्यात मोजले. इंजिनमधून तीन लीटरच्या जरा आत, गिअरबॉक्समधून १ लीटर ४० मिली, हाऊसिंगमधून ७०० मिली निघाले. कार्डाप्रमाणे इमानेइतबारे ओतले गेले होते, हे मान्य करायला हवे. पण डिपस्टिक एकदाही ओढून पाहिली गेली नाही. पाहिली असती तर तेल खालच्या खुणेलाही टेकलेले नाही हे दिसले असते. गिअरबॉक्सचे तर त्याहून सोपे आहे. गालिचा उचलून गिअरबॉक्सवरच्या बोगद्याचे (फरशीच्या उंचवट्याचे) रबरी बूच काढले की आत भरण्याचा प्लग लागतो. तो प्लग हेच गेज. गाडी सपाटीवर उभी करून तेल त्या भोकाच्या काठाशी येऊन ओघळू लागेपर्यंत भरायचे, थांबेपर्यंत ओघळू द्यायचे, मग प्लग लावायचा. आकडा पाठ नसला तरी चालते, भोक खोटे बोलत नाही. या गिअरबॉक्सला तेलाचा पंप नाही. खालच्या लेशाफ्टचे (वरच्या शाफ्टला समांतर दांड्याचे) दाते तेलात बुडतात आणि तेच वर उडवतात. पाव लीटर कमी म्हणजे वरच्या शाफ्टवरच्या बुशांपर्यंत पोचणारे तेल कमी.

आता इंजिन ऑईल. पॅकमध्ये ५डब्ल्यू-३०, पूर्ण सिंथेटिक, एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) एसपी दर्जाचे तेल आले. तेल म्हणून ते उत्तमच असेल. आजच्या गाडीत डोळे झाकून घालावे. पण ‘५डब्ल्यू’ हा आकडा उणे ३० अंशांवर इंजिन फिरवून पाहण्याच्या चाचणीचा आहे. नागपुरात थंडी पडून पडून किती पडणार? ज्या गुणासाठी हे तेल महाग आहे त्याचा इथे उपयोग शून्य. उलट ज्या टोकाला आम्हाला गरज आहे तिथे ते पातळ. १०० अंशांवर ३० ग्रेडची चिकटाई ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक, ५० ग्रेडची १६.३ ते २१.९. हँडबुकात उष्ण हवामानाला मोनोग्रेड एसएई ३० सांगितले आहे, हे खरे. तंत्रज्ञांनी फोनवर तोच मुद्दा मांडला. पण ते नव्या इंजिनसाठी, नव्या बेअरिंगच्या फटींसाठी लिहिलेले होते. सहा दशके फिरलेल्या क्रँकला २०डब्ल्यू-५० मिनरल हेच रुळलेले तेल आहे, आणि ते आपल्याच कंपनीच्या यादीत निम्म्या किमतीला मिळते.

दाब मोजला आहे. या गाडीत तेलाचा फक्त दिवा असतो, मीटर नसतो. म्हणून ब्लॉकवर दिव्याच्या स्विचजवळ टी-जोड लावून यांत्रिक मीटर बसवलेला आहे. आपल्या सर्व्हिसच्या आधी २०डब्ल्यू-५० वर, इंजिन पूर्ण तापल्यावर ताशी ६५ किलोमीटरला ५५ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) आणि आयडलला २० मिळत होते. हँडबुकाची अपेक्षा चालताना ६० आणि आयडलला १५ अशी आहे. आपल्या तेलावर तेच आकडे ३२ आणि ८ झाले, आणि सिग्नलला उभे राहिल्यावर दिवा मिणमिणू लागला. नवे फिल्टर एलिमेंट आणि पूर्ण मापाचे २०डब्ल्यू-५० घातल्यावर पुन्हा ५३ आणि १८. यात तेल कमी असण्याचा वाटा किती आणि पातळ असण्याचा किती, हे वेगळे काढता येत नाही. दोन्ही आपलेच आहेत, त्यामुळे तसे वेगळे काढण्याची गरजही नाही.

सर्व्हिसनंतर वाढलेल्या गळतीचे कारण मात्र सरळ तेलाचा पातळपणा. ए-सिरीज इंजिनच्या क्रँकला मागच्या टोकाला आजच्यासारखे रबरी सील नसते. शाफ्टजवळ आट्यासारखी खाच असते. शाफ्ट फिरताना ती तेल परत चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात) ओढते. गाडी उभी असताना काहीच ओढले जात नाही. पातळ तेल मग त्या फटीतून क्लच हाऊसिंगमध्ये उतरते. क्लच हाऊसिंगच्या तळाला एक भोक आहे, त्यात एक सैल स्प्लिट पिन लोंबकळत ठेवलेली असते, भोक चिखलाने बुजू नये म्हणून. आधी त्या पिनेच्या टोकाला आठवड्यातून एखादा थेंब दिसायचा. आपल्या सर्व्हिसनंतर रात्रभरात फरशीवर तळहाताएवढा डाग पडू लागला. हेच तेल क्लच प्लेटवर गेले तर इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय इलाज नाही.

जस्ताबद्दलही लिहितो, कारण आपल्या पॅकवर ‘जुन्या इंजिनांसाठी खास’ असे मोठ्या अक्षरात आहे. कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा फिरता उंचवटा) आणि त्यावर टेकणारे सपाट टॅपेट यांच्यामध्ये शेवटचा आधार झेडडीडीपी या जस्त-फॉस्फरसच्या मिश्रकाचा असतो. एपीआय एसएम दर्जापासून, म्हणजे २००४ पासून, ३० ग्रेडपर्यंतच्या तेलांत फॉस्फरसला ०.०८ टक्क्याची कमाल मर्यादा आहे, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होऊ नये म्हणून. मायनरला कन्व्हर्टरच नाही. २०डब्ल्यू-५० सारख्या जाड ग्रेडला ही मर्यादा लागू नाही. या इंजिनच्या व्हॉल्व्ह स्प्रिंगा नरम आहेत, त्यामुळे जस्त कमी पडले म्हणून कॅम महिन्याभरात झिजेल असे कोणी म्हणू नये. ती भीती जरा वाढवून सांगितली जाते. पण ‘खास’ म्हणून विकलेल्या तेलात खास काय आहे, ते आकड्यात कळवा.

गिअरबॉक्समध्ये आपण ८०डब्ल्यू-९०, जीएल-५ (गिअर ऑईलचा एक दर्जा) घातले. हाऊसिंगमध्येही तेच, एकच बाटली दोन्हीकडे. हाऊसिंगसाठी ते बरोबर आहे. तिथे हायपॉइड क्राऊन-पिनियन आहे, दात एकमेकांवर घासत सरकतात, गंधक-फॉस्फरसचे ईपी (अतिदाब सोसणारे) मिश्रक नसेल तर टिकणार नाहीत. गिअरबॉक्सचे मात्र या गाडीत वेगळे आहे : हँडबुक गिअरबॉक्सलाही इंजिनचेच तेल सांगते. अनेक मेकॅनिकना हे पटत नाही, ‘गिअरबॉक्सला गिअर ऑईल’ इतके ते डोक्यात बसलेले असते. पण तेलाच्या कंपनीने तरी हँडबुक उघडायला हवे होते.

इथे जाडीचा मुद्दा नाही. गिअर ऑईलची आणि इंजिन ऑईलची मोजपट्टी वेगळी आहे. गिअर ऑईलचे ९० म्हणजे इंजिन ऑईलच्या ४० ते ५० च्या आसपासच. अडचण मिश्रकाची आहे. जीएल-५ मध्ये ते जीएल-४ च्या साधारण दुप्पट असते. सिंक्रोचा (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या यंत्रणेचा) पितळी कोन पुढच्या गिअरचा वेग पकडतो तो घर्षणाने, आणि हे तेल तेच घर्षण मारते. परिणाम : दुसऱ्यात उतरताना खर्र, तिसऱ्यात घालताना कट्. (पहिल्याला सिंक्रो मुळातच नाही, त्याबद्दल तक्रार नाही.) दुसरा धोका पितळ-कांस्याच्या बुशांना : गरम असताना सक्रिय गंधक तांब्याच्या मिश्रधातूला खाते. काढलेले तेल पांढऱ्या एनॅमलच्या थाळीत घेऊन उन्हात धरले तर सोनेरी चमक दिसते, आणि चुंबक फिरवला तरी ती हलत नाही, म्हणजे लोखंड नव्हे. ४१० किलोमीटरमध्ये आपल्याच तेलाने एवढे पितळ काढले असा आमचा दावा नाही. काही आधीचे असणारच. पण खरखर आपल्या तेलासोबत आली आणि २०डब्ल्यू-५० घालून ६० किलोमीटर चालवल्यावर गेली.

बाटलीवर ‘जीएल-४/जीएल-५’ असे दोन्ही लिहिले आहे. दात झिजू न देण्याची जीएल-४ ची पातळी गाठली म्हणून सिंक्रोला चालेल असे होत नाही. एएसटीएम डी १३० चाचणीत तांब्याची घासलेली पट्टी गरम तेलात ठेवून तिचा रंग १ ते ४ मध्ये बसवतात. आपल्या या तेलाचा निकाल कितीचा, आणि तो किती तापमानाला, हे लेखी द्यावे.

फ्लशबद्दल. तेल काढण्याआधी आपल्या तंत्रज्ञांनी ३०० मिलीची फ्लशची बाटली ओतून इंजिन दहा मिनिटे आयडलला चालवले. इतक्या जुन्या इंजिनच्या चेंबरमध्ये वर्षानुवर्षांचा गाळ बसलेला असतो. तो बसलेला असतो तोवर कुणाला त्रास देत नाही. एका झटक्यात सुटला की पंपाच्या जाळीकडे आणि फिल्टरकडे धावतो. फिल्टरचे एलिमेंट चारशे किलोमीटरनंतर कापून पाहिले. घड्यांमध्ये डांबरासारखा काळा लेप, बोटाला चिकटणारा. एलिमेंट कोंडले की फिल्टरच्या डोक्यातला बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि न गाळलेले तेल थेट बेअरिंगवर जाते. जुने इंजिन स्वच्छ करायचेच असेल तर चांगले तेल आणि नवा फिल्टर घालून ५०० किलोमीटरला बदलावे, मग हजारला, मग नेहमीप्रमाणे. वेळ लागतो, पण गाळ थोडा-थोडा निघतो.

फिल्टरचीच आणखी एक गोष्ट, आणि हीच सगळ्यात घातक. या इंजिनला फिल्टरची वाटी लांब बोल्टने आवळलेली असते आणि वाटीचा काठ डोक्यातल्या खाचेत रबरी रिंगवर बसतो. जुनी रिंग खाचेत कडक होऊन लपते. सुई किंवा टोकदार तारेने ती उकरून काढावी लागते. वाटी उघडल्यावर खाचेत दोन रिंगा निघाल्या, नवी जुनीच्या वर. फोटो सोबत आहे. आवळून बसवलेली असल्याने तोवर फक्त पाझरत होती. पन्नास पीएसआयवर ती सरकली असती तर चेंबर काही मिनिटांत रिकामे झाले असते. वाटी बसवल्यावर कॉइलची वायर काढून, दिवा विझेपर्यंत स्टार्टर मारणे आणि मग इंजिन चालू करून वाटीच्या काठावरून बोट फिरवणे, एवढे दोन मिनिटांचे काम जॉबकार्डावर कुठेही नाही.

मागण्या अशा. पॅक व सर्व्हिसचे ₹७,८५० परत करावेत. तेल, एलिमेंट, रिंग व ड्रेन नटचे तांब्याचे वायसर यांचा पुन्हा झालेला खर्च द्यावा. चेंबर उतरवून पंपाची जाळी तपासण्याची मजुरी द्यावी. ते काम अजून व्हायचे आहे, आपला माणूस हजर राहणार असेल तर तारीख कळवा. सूचना कार्ड विक्रीतून काढून, ज्यांना आधीच गेले आहे त्या सर्वांना दुरुस्त मापे कळवावीत. पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी घेताना गाडी मूळ स्वरूपात असावी लागते. अशा गाडीचा फुटलेला गिअरबॉक्स शोरूममधून आणता येत नाही, हे लक्षात घेऊन हे लवकर व्हावे.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज केला जाईल.

तिन्ही तेलांचे प्रत्येकी दोन सीलबंद नमुने, कापलेले एलिमेंट आणि दोन्ही रिंगा ठेवल्या आहेत. नमुन्यांचा एक संच आपल्या प्रयोगशाळेसाठी आहे. माणूस पाठवून सही देऊन न्यावा.

आपला,
ग्राहक (नाव व पत्ता बिलावरील)

सोबत : बिल, जॉबकार्ड व सूचना कार्डाच्या प्रती, हँडबुकातील तेलाच्या मापांचे पान, दाबाच्या नोंदी, फिल्टरच्या खाचेचा व एलिमेंटचा फोटो.