बाबा, पाया खणण्याआधी एवढं वाचा

भांडुप, मुंबई

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

गावातलं जुनं घर पाडून बांधायच्या नव्या घराचा, कंत्राटदाराने काढलेला नकाशा व्हॉट्सअ‍ॅपवर मिळाला. रस्ता पश्चिमेला म्हणून दार पश्चिमेला, त्याच बाजूला काचेच्या दोन मोठ्या सरकत्या खिडक्या, तुमची झोपायची खोलीही तिथेच, वर स्लॅब, आणि मधे येतो म्हणून कडुनिंब तोडायचा. फोनवर हा विषय निघाला की तुमचा आवाज चढतो, मग माझाही चढतो, म्हणून लिहितेय. आईचा नवा चष्मा येईपर्यंत तिला वाचून दाखवा.

जुन्या घराचं माळवद, ते लाकूड-मातीचं जड छत, उतरवायचं, हे मला पूर्ण पटलंय. ३० सप्टेंबर १९९३ ची ती भूकंपाची पहाट तुम्ही दोघांनी पाहिली आहे. गणपती विसर्जन करून माणसं झोपली होती आणि किल्लारी-सास्तूर पट्ट्यात सुमारे १० हजार माणसं गेली. त्यानंतर तुम्ही आम्हाला कित्येक दिवस अंगणातच झोपवत होतात. पण बाबा, जीव कशाने घेतले ते नीट बघू या. आपल्याकडच्या दगडी भिंतीला आतला एक थर, बाहेरचा एक थर आणि मधे चिपा नि माती. दोन्ही थर धरून ठेवणारा, आरपार जाणारा लांब दगड बहुतेक घरांत नव्हताच. वर माळवद. गळू नये म्हणून दरसाल पावसाळ्याआधी पांढरी माती टाकत गेलो आणि ती फूट-दोन फूट चढली. हादरा बसला तसे भिंतीचे थर सुटले आणि वरचं सगळं ओझं झोपलेल्या माणसांवर आलं. म्हणजे दोष होता तो ओझ्याचा आणि न बांधलेल्या भिंतीचा. त्या घरात भर उन्हाळ्यात दुपारी झोप लागायची, तो जाड भिंतीचा गुण होता.

आणि नुसता स्लॅब टाकला म्हणजे घर मजबूत झालं, असं मुळीच नाही. जोत्याला, दारं-खिडक्यांच्या वर लिंटलला आणि छताखाली चारी भिंतींवरून सलग फिरणारा काँक्रीटचा पट्टा हवा, कोपऱ्यांत खालपासून वरपर्यंत उभी सळई हवी. मला नकाशात यातलं काहीच दिसलं नाही. पट्ट्यांशिवाय भिंतीवर टाकलेला स्लॅब हेही ओझंच आहे. फरशी कोणती घ्यायची हे नंतर ठरवू, आधी हे लिहून घ्या.

आता उन्हाचं. आमचा फ्लॅट वरच्या मजल्यावर, झोपायच्या खोलीची भिंत पश्चिमेला. रात्री अकरा वाजता त्या भिंतीला तळवा लावला तरी ती गरम लागते, आणि छताचं ऊन तर दिवा मालवल्यावर जास्त जाणवतं. चार-पाच इंची स्लॅब दिवसभर तापतो आणि नेमका रात्री, आपण आडवे झाल्यावर, ती उष्णता खाली सोडतो. तुम्ही सत्तरी ओलांडल्यावर असल्या खोलीत झोपायचं, आणि तेही गावात, जिथे मे महिन्यात पारा चाळिशी पार करतो नि ऐन रात्री लाईट जाते, ही कल्पनाच मला सोसत नाही.

आपल्याकडे सूर्य कसा फिरतो ते बघा. डिसेंबरात भर दुपारी तो दक्षिणेला, जेमतेम ४८ अंशांवर असतो. मे-जूनमध्ये थेट डोक्यावर येतो, जूनमध्ये तर थोडा उत्तरेला कलतो. म्हणून दक्षिणेच्या चार फुटी खिडकीवर दोन फुटांचा छज्जा काढला, तर मार्चअखेरपासून सगळा उन्हाळा दुपारी ती खिडकी सावलीत राहते, आणि डिसेंबरात खालच्या जवळजवळ निम्म्या भागातून ऊन आत येतं. आईचे गुडघे थंडीत धरतात, तिची खाट तिथेच टाका. पश्चिमेला मात्र छज्जा कामाला येत नाही. चार-पाच वाजता ऊन आडवं येतं आणि काचेतून सरळ खोलीत शिरतं. त्या बाजूला जिना, न्हाणी आणि धान्याची खोली घ्या. दार रस्त्याकडेच हवं तर असू द्या, पण त्याच्यापुढे चांगली आठ फूट खोल ओसरी काढा. कडुनिंब त्याच बाजूला आहे. तो तोडू नका, बाबा. आजोबांनी लावलाय हे तर आहेच, पण तुमची पश्चिमेची भिंत तोच सांभाळणार आहे.

इथे गिरगावातल्या जुन्या चाळी पाहिल्या की कळतं, त्या लांब गॅलऱ्या नुसत्या ये-जा करायला नव्हत्या, त्यांच्यामुळे खोलीच्या भिंतीवर ऊनच पडत नाही. फोर्टात दादाभाई नौरोजी रोडच्या कमानींखालून मी भर दुपारी सावलीतून चालत जाते. पण मुंबईचं सगळं गावात चालणार नाही. इथे हवेत दमटपणा, रात्रीही फारसं उतरत नाही, म्हणून इथे वारं खेळतं राहणं महत्त्वाचं. आपल्याकडे उन्हाळ्यात हवा कोरडी आणि पहाटेपर्यंत चांगला गारवा येतो. तो गारवा भिंतीत साठवायचा. रात्री खिडक्या सताड उघड्या, सकाळी नऊच्या आत बंद. जुन्या स्वयंपाकघरातल्या सवण्यातून धूर आणि गरम हवा वर निघून जायची, तसे छताजवळ जाळीचे झरोके ठेवा.

भिंतीसाठी मला लॉरी बेकर यांची पद्धत आवडते. इंग्लंडहून आलेला हा माणूस केरळात राहिला आणि स्वस्तातली, गार घरं बांधत राहिला. विटा आडव्या न ठेवता उभ्या रचायच्या म्हणजे नऊ इंची भिंतीत पोकळी राहते. विटा साधारण पाव हिश्शाने कमी लागतात, पोकळीतली हवा ऊन अडवते, आणि कोपऱ्यातल्या पोकळीत सळई घालून काँक्रीट भरता येतं. तिला रॅट ट्रॅप बाँड म्हणतात. आपल्या गवंड्याला दोन दिवस शिकवलं तर जमेल, त्याचा हात चांगला आहे. स्लॅब कमी तापावा म्हणून त्यावर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचा चायना मोझॅक करा. ते परवडत नसेल तर दर मार्चला चुन्याचे दोन हात द्या. गल्लीत ज्यांनी आधीच स्लॅब टाकलेत, त्यांनाही हे सांगा. चुन्याला कितीसा खर्च येतो!

माळवदाचे सागवानी खांब आणि तुळया भंगारवाल्याला देऊ नका, ओसरीला लागतील. जुने दगड जोत्याला वापरू.

कंत्राटदाराला अजून ॲडव्हान्स देऊ नका. पुढच्या शनिवारी मी तालुक्यातल्या इंजिनीअरला घेऊन येते, पट्टे आणि सळयांचा हिशोब त्याच्याकडून करून घेऊ. तोवर एक काम करा. जागेवर चार खुंट्या ठोकून दोरी बांधा आणि दुपारी चार वाजता निंबाची सावली कुठवर येते तिथे चुन्याने रेघ मारून ठेवा. ओसरी कुठून धरायची ते त्यावरून ठरवू.

आईला सांगा, चुलीची जागा तिनेच दाखवायची.

तुमची,
लेक