गणिती बिशपची आठवण

महोदय,
धर्मग्रंथांच्या चिकित्सेची चर्चा निघाली की मला जॉन विल्यम कोलेन्सो आठवतात. शाळकरी अंकगणिताची पुस्तके लिहिणारा हा इंग्रज 1853 मध्ये दक्षिण आफ्रिकेतील नाताळचा (सणाचा नव्हे, प्रांताचा!) पहिला अँग्लिकन बिशप झाला. तेथील झुलू लोकांच्या भाषेत बायबलचे भाषांतर करताना विल्यम एनगिडी या सहकाऱ्याने विचारले, ‘जलप्रलयाची ही गोष्ट खरीच घडली का?’ बिशपना खोटे बोलवेना. मग त्यांनी 1862 पासून प्रसिद्ध केलेल्या पुस्तकांत मोझेसच्या ग्रंथांतील, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच ग्रंथांतील, आकडेच तपासले. इजिप्तमधून निघालेले इस्रायली लोकांचे सहा लाख लढवय्ये, त्यांची बायकापोरे, गुरेढोरे वाळवंटात जगली कशी? या लेखनामुळे त्यांचे वरिष्ठ असलेल्या केपटाऊनच्या बिशपांनी त्यांना 1863 मध्ये पदच्युत केले. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने (वसाहतींसाठीचे सर्वोच्च अपील न्यायालय) 1865 मध्ये तो निर्णय रद्द ठरवला.

नरकातील अनंत शिक्षा त्यांना मान्य नव्हती. धर्मांतरित झुलूंना जादा बायका टाकायला लावणे त्यांना क्रूर वाटे. पण मला त्यांचे मोठेपण दिसते ते 1873 नंतर. लांगालिबालेले या टोळीप्रमुखावरील अन्याय्य खटल्याविरुद्ध ते उभे राहिले आणि गोरे मित्र गमावून बसले. इंग्रजांनी झुलूंशी केलेल्या 1879 च्या युद्धालाही त्यांनी विरोध केला. झुलू त्यांना ‘सोबांतू’, म्हणजे लोकांचा पिता, म्हणत.

– एक वाचक, पुणे